पान उलटणारी

आयर्लंडमध्ये, मलिंगारला, आमच्या आणि मिस हॅनलींच्या घरामध्ये एकच भिंत होती, आणि दुपारी चारनंतर त्या भिंतीतून पियानो यायचा. सगळा यायचा नाही. डाव्या हाताचे जड स्वर यायचे आणि मधूनच पेडल सोडल्याचा धप्प असा आवाज. वरची चाल पलीकडेच राहायची. शाळेतून आल्यावर मी दप्तर जिन्याखाली टाकायचे, बॉयलर चालू करायचे आणि कोट न काढता स्वयंपाकघरात उभी राहायचे, कारण घर गरम व्हायला अर्धा तास लागायचा आणि थंड खुर्चीवर बसण्यापेक्षा उभं राहणं बरं वाटायचं. आई इस्पितळात नर्स. सकाळी साडेसातला बाहेर पडायची ती रात्री साडेआठनंतर घरात. सुट्टीच्या दिवशी ती तीन-चार दिवसांचं एकदम करून ठेवायची. मटकीची उसळ, पिठलं, कोबी, फॉइलमध्ये गुंडाळलेल्या ज्वारीच्या भाकऱ्या. डब्यांवर चिकटपट्टी लावून ती वार लिहायची. मी मंगळवारी मंगळवार गरम करून खायचे, बुधवारी बुधवार. दुसऱ्यांदा गरम केलेली भाकरी चपलेच्या पट्ट्यासारखी होते, हे ज्याने ती खाल्ली आहे त्याला सांगायला नको. खर्डा करायला तिथल्या मिरच्यांत दम नव्हता, तरी आई तो करायची आणि आम्ही दोघी तो तिखट असल्यासारखा खायचो.

आबा इचलकरंजीला राहिले होते. त्यांचं आणि आईचं भांडण नव्हतं. त्यांचा छापखाना होता, आणि तो बंद करून बायकोच्या व्हिसावर परदेशात जाऊन बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकं ते पोटासाठी छापायचे, आणि पत्रकं मनासाठी. यंत्रमाग कामगारांची, बुवाबाजीच्या विरोधातली, पाण्याची, निवडणुकीच्या वेळी मत विकू नका म्हणून सांगणारी. मी अक्षरओळख केली ती पत्रकांवर. इतर मुलं ससा-कासव वाचत होती तेव्हा मी 'बंधू-भगिनींनो, विचार करा' वाचत होते, आणि खरोखर विचार करत होते. पत्रक कसं लिहावं याचा आबांचा एकच नियम होता. विशेषणं कापायची आणि काम लिहायचं. "अन्याय झाला म्हणू नको," ते सांगायचे, "हात काय करतो ते लिही. कुठला हात, किती येळा. माणसाला पुढचं आपोआप कळतंय." आज मी स्वतः केअर होममध्ये काम करणाऱ्या बायकांसाठी पत्रकं लिहिते, चौतिशीत आले तरी सभेत माझा आवाज अजून चढतो, आणि तो नियम मी अजून पाळते. पण तो नियम एकदा मी जसा पाळला तसा पुन्हा कधी पाळलेला नाही. त्याचंच हे प्रकरण आहे.

त्या गावातलं माझं पहिलं वर्ष मला आवाजांवरून आठवतं, माणसांवरून नाही. शाळेत कुणी त्रास दिला असता तर मी भांडले असते. भांडण मला येत होतं. पण तिथे कुणी त्रास देत नव्हतं. सगळे हसून 'हाय' म्हणायचे आणि पुढे जायचे. हजेरी सोडली तर आठवडाभर कुणाच्या तोंडून माझं नाव ऐकू यायचं नाही. डब्लिनला गणपतीला गेलो होतो तिथे मराठी माणसं भरपूर होती, पण त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो बाबा कुठल्या कंपनीत आहेत असा. मी म्हणाले, ते पत्रकं काढतात. विचारणाऱ्या काकू म्हणाल्या, म्हणजे ग्राफिक डिझाइन का? मी हो म्हणाले नाही, आणि बोलणं तिथेच थांबलं. आई परतीच्या गाडीत म्हणाली, हो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं गं. सोळाव्या वर्षी मला वाटत होतं की सगळंच बिघडलं असतं.

मिस हॅनली बर्फावर घसरून पडल्या आणि मनगट मोडून आईच्या वॉर्डात आल्या, तेव्हा दोघींना कळलं की आपल्यामध्ये फक्त एक भिंत आहे. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या, कॉन्व्हेंटच्या शाळेत आयुष्यभर संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या. आईने त्यांना सांगितलं असावं की माझी मुलगी एकटीच असते. मनगट बरं झाल्यावर एका सोमवारी त्यांनी भिंतीवर टकटक केलं, चांगलं तीनदा, आणि मी दचकून बाहेर आले तर त्या दारात उभ्या. म्हणाल्या, तुझ्या आईने तुला मला उसनं दिलंय, ये आत.

त्यांच्या घरात शेगडीत पीट जळायचं, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, आणि त्याच्या धुराला गोवऱ्यांचा दूरचा नातेवाईक असावा असा वास होता. त्या मला 'प्रेसमधून कप काढ' म्हणाल्या तेव्हा मी छापखाना शोधत उभी राहिले; तिथे कपाटाला प्रेस म्हणतात. मग ब्राउन ब्रेड, त्यावर बोटभर लोणी, वर संत्र्याचा मुरंबा, आणि चमचा उभा राहील असा चहा. पियानो मधल्या खोलीत होता आणि त्याने ती सगळी व्यापली होती. मला तो वाजवायला शिकायचं नव्हतं, मला बोलायचं होतं, आणि त्यांनाही. त्या संगीतकारांविषयी असं बोलायच्या जणू ते पलीकडच्या रस्त्यावर राहतात आणि थोडे वाया गेलेत. नाव कुणाचंच घ्यायच्या नाहीत. त्या देशात कुणाही तिऱ्हाइताला 'युअर मॅन' म्हणतात, म्हणजे तो आपला हा. छातीचं दुखणं असलेला युअर मॅन. बोटाला यंत्र बांधून हात बिघडवून घेतलेला युअर मॅन, आणि त्याची ती बिचारी बायको, जी नवऱ्यामागे मुलांचं सगळं ओढत गावोगाव पियानो वाजवत फिरली आणि तरीही सगळे त्याचंच कौतुक करत राहिले. लांब केसांचा युअर मॅन, ज्याचे हातमोजे मिळावेत म्हणून बायका एकमेकींच्या अंगावर जायच्या.

त्यांचा लाडका होता डब्लिनचा युअर मॅन. तो पोरवयात लंडनला पियानोच्या दुकानात लागला, आणि गिऱ्हाइकांना पियानो वाजवून दाखवणं ही त्याची नोकरी. दिवसभर वाजवायचं, विकले जायचे ते पियानो. हे ऐकून मी खुर्चीत सरळ बसले. हा तर कामगार होता. मालक त्याला रशियापर्यंत घेऊन गेला माल दाखवायला, आणि तिथेच राहून त्याने एक नवा प्रकार काढला. नॉक्टर्न, रात्रीचं गाणं. त्यात डावा हात स्वर खूप लांब लांब पसरतो, पेडल ते धरून ठेवतं, आणि त्या पसरलेल्या अंथरुणावर उजवा हात गायकासारखा एकटाच गातो. पुढे छातीच्या दुखण्याच्या युअर मॅनने तो प्रकार उचलला आणि जगभर त्याचंच नाव झालं. मी चिडले. मिस हॅनली म्हणाल्या, चिडू नको, त्याने तो जास्त चांगला लिहिला, तिथेच तर पंचाईत आहे. मग त्यांनी माझा तळहात पियानोच्या लाकडावर ठेवला, एक स्वर दाबला, पेडल दाबलं आणि हात उचलून मांडीवर घेतला. स्वर राहिला. माझ्या हाताखाली तो बराच वेळ थरथरत होता. "हे त्या काळात नवीन होतं," त्या म्हणाल्या. "हात निघून गेला तरी सूर जागेवर."

मला वाचता लवकर येतं. दोन महिन्यांत मला स्वरलिपीत कुठे चाललंय ते कळायला लागलं, बोटांनी एक सूर न वाजवता. तेव्हा त्यांनी मला पान उलटायला बसवलं. गावातल्या चर्चच्या पॅरिश सेंटरच्या हॉलमध्ये दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी दुपारी तीनला त्यांचा कार्यक्रम असायचा. चाळीसेक माणसं, बहुतेक पिकल्या केसांची, नंतर चहा आणि बिस्किटं. बुधवारी आमची अर्धी शाळा. पान उलटणं हे काम आहे, आणि ते मी काही महिन्यांत शिकले. वाजवणाऱ्याच्या डावीकडे, जरा मागे बसायचं. बांगडी नाही, अत्तर नाही, कुरकुरणारा कोट नाही. पान संपायच्या दोन ओळी आधी उठायचं, डाव्या हाताने वरचा कोपरा धरायचा, बाही स्वरांवर येऊ द्यायची नाही, आणि त्यांनी मान किंचित हलवली की एका झटक्यात, पण आवाज न करता. पान संपल्यावर नव्हे, आधी. कारण डोळे हातांच्या पुढे असतात. हॉलकडे बघायचं नाही.

आणि बोट. नॉक्टर्नसारख्या रचनेत तीच चाल पुन्हा पुन्हा येते. आली की तिच्या शेवटी एक वळण असतं. पहिल्या वेळी तिथून एकीकडे जायचं, दुसऱ्या वेळी दुसरीकडे, शेवटच्या वेळी घरी. एकदा सरावात मिस हॅनली त्या वळणावरून पहिल्याच वाटेला पुन्हा गेल्या. परत आल्या, परत गेल्या. मग थांबून हसल्या आणि म्हणाल्या, "इथे जरा बोट ठेवत जा बाळा. इथे माझी भटकायची सवय आहे." मी ठेवलं. त्यानंतर प्रत्येक वळणावर मी बोट ठेवू लागले, आणि थोड्याच दिवसांत अशी वळणं वाढली. मला वाटलं, मी कामात तयार होतेय म्हणून त्या मला जास्त काम देताहेत. माझी छाती फुगली. त्यांची भाची ऑरला डब्लिनहून फोन करायची तेव्हा त्या फार टापटीप बोलायच्या, आज काय खाल्लं, कुठल्या वारी काय केलं, सगळं धडाधड, परीक्षेला बसल्यासारखं. एकदा फोन ठेवल्यावर म्हणाल्या होत्या की ऑरलाने तिच्या घराजवळ एक नर्सिंग होम, म्हणजे तिकडचा वृद्धाश्रम, बघून ठेवलंय, फार चांगलं आहे म्हणे, पियानो मात्र मावायचा नाही. "तिला फक्त एक कारण हवंय," असं त्या म्हणाल्या, आणि मी ते ऐकलं होतं. बोट आणि ते कारण या दोन गोष्टी मी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या नाहीत, एवढंच.

वाद घालायला मात्र मी एकही संध्याकाळ सोडली नाही. लांब केसांच्या युअर मॅनने, त्या सांगायच्या, मंचावरून बाकी सगळ्यांना खाली उतरवलं. त्याच्या आधी एका कार्यक्रमात गायिका, व्हायोलिनवाले, वाद्यवृंद, कधी कुणाची नक्कलसुद्धा असायची. हा म्हणाला, मी एकटा पुरे. पियानो आडवा लावला, म्हणजे लोकांना त्याचा चेहरा बाजूने दिसेल. मग ती बिचारी बायको आणि आणखी काही जण पान समोर न ठेवता वाजवू लागले. आधी लोकांना तो उद्धटपणा वाटला, जणू हे मीच रचलंय असा आव, मग तेच शहाणपण ठरलं. मिस हॅनलींना शिकवणाऱ्या बाईही तोंडपाठच वाजवायच्या, आणि मिस हॅनली स्वतः तरुणपणी तशाच. मी म्हणाले, म्हणजे त्या शतकाने एकेक करून सगळ्यांना हाकललं आणि शेवटी पान उलटणाऱ्यालाही. एका माणसाला रिकाम्या मंचावर बसवलं आणि त्याच्या एकटेपणाला प्रतिभा असं नाव दिलं. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, "वाद घालायला भारी बाई आहेस तू. चहा घे."

दर महिन्याला कार्यक्रमाचा एक कागद छापला जायचा. त्यावर संगीतकारांची नावं, मिस हॅनलींचं नाव, फुलं ज्यांनी दिली त्यांचं नाव, पियानो जुळवणाऱ्याचं नाव, बिस्किटांच्या दुकानाचे आभार. मी तो चार महिने वाचला आणि पाचव्या महिन्यात विचारलं की पान उलटणारीचं नाव का नाही. त्यांना प्रश्नच कळेना. मग म्हणाल्या की पान उलटणारीचं नाव कुणी कधी छापत नाही, ती लोकांच्या लक्षात आली म्हणजे तिचं काम बिघडलं. चांगली पान उलटणारी म्हणजे जी नसतेच. त्या हे प्रेमाने म्हणाल्या. स्वतःही तरुणपणी दुसऱ्यांची पानं उलटल्याचं त्यांनी सांगितलं. पण मी त्या गावात वर्षभर असूनही नव्हतेच, आणि नसण्यात मी चांगली होत चालले होते, आणि हे कुणीतरी मला शाबासकी म्हणून सांगितलेलं मला सहन झालं नाही.

मी पत्रक लिहिलं. रविवारी आबांना फोनवर मराठीत वाचून दाखवलं. ते खूश झाले. मी परदेशी जाऊन पत्रक लिहितेय यापेक्षा मोठी बातमी त्यांना नव्हती. त्यांनी दोन विशेषणं कापली. गावच्या वाचनालयातल्या यंत्रावर मी त्याच्या चाळीस प्रती काढल्या, अर्ध्या पानाच्या. मथळा होता, 'या मंचावर दोन माणसं आहेत'. खाली लिहिलं होतं की एकाचं नाव तुमच्या कागदावर आहे. दुसरी डावीकडे बसते. ती दोन ओळी पुढचं वाचते. आज ती सतरा वेळा उठेल. शेवटच्या रचनेत तीच चाल परत परत येते आणि दर वेळी बाहेर पडायची वाट वेगळी असते. कोणत्या वाटेने जायचं ते ती पानावर बोट ठेवून वाजवणाऱ्याला दाखवते. तिने बोट ठेवलं नाही तर हे संगीत संपणार नाही. खाली माझं पूर्ण नाव. शेवटच्या वाक्याविषयी आबा म्हणाले होते, "ह्ये जोरात हाय. ऱ्हाऊ दे."

त्या बुधवारी मी अडीचलाच हॉलमध्ये गेले आणि प्रत्येक खुर्चीवर एकेक प्रत ठेवली. माणसं येऊ लागली, कोट काढून खुर्चीवर टाकण्याआधी कागद उचलून वाचू लागली. एक बाई माझ्याकडे बघून हसल्या. फुलांवाल्या बाई जवळ येऊन म्हणाल्या, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं गं, चेतना ना तुझं नाव? माझं नाव. मी उत्तर देईपर्यंत बाजूच्या दारातून मिस हॅनली आत आल्या, आणि त्यांच्याबरोबर एक उंच बाई होती, राखी कोटातली. ऑरला. ती त्या दिवशी मावशीला न कळवता आली होती. मिस हॅनलींनी पहिल्या रांगेतला कागद उचलला, चष्मा लावला आणि उभ्याउभ्याच वाचला. ऑरलाने दुसरा उचलला. दोघी एकाच वेळी वाचत होत्या आणि ऑरलाचं आधी वाचून झालं. तिने कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

मिस हॅनली माझ्याकडे आल्या. चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. "छान लिहिलंयस," त्या म्हणाल्या. "आज मला पुस्तक लागणार नाही. तू हॉलमध्ये बस, बाळा."

इथे मला जे वाटलं ते जसंच्या तसं लिहायला हवं, नाहीतर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही. मला वाटलं, मला कामावरून काढलं. पत्रक वाटलं म्हणून दारातून परत पाठवलेल्या माणसांच्या हकिकती मी लहानपणापासून ऐकत आले होते. आबांच्या छापखान्यात ती माणसं बाकावर बसून चहा प्यायची आणि मी त्यांच्याकडे देव बघावा तशी बघायचे. आता मी त्यांच्यातली झाले. मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसले, हाताची घडी घातली. ही टाळेबंदी त्यांनी केली आहे, मी नाही. मिस हॅनली ऑरलासमोर पुस्तकाशिवाय, माझ्याशिवाय का बसू पाहताहेत, हा विचार माझ्या डोक्याला शिवलासुद्धा नाही.

पहिल्या तीन रचना चांगल्या गेल्या. पुस्तक मिटलेलं, पियानोवर ठेवलेलं. मग डब्लिनच्या युअर मॅनचं नॉक्टर्न. डावा हात पसरला, उजवा गाऊ लागला. चाल पूर्ण झाली, पहिलं वळण, बरोबर. चाल परत आली. दुसऱ्या वळणावर त्या पहिल्याच वाटेला गेल्या. मला ते त्याच क्षणी कळलं, जसं जिन्यात एक पायरी जास्त लागल्यावर पायाला कळतं. चाल तिसऱ्यांदा आली, आणि त्या पुन्हा तिकडेच. वाजवणं फार सुंदर होतं. एकही सूर चुकीचा नव्हता, फक्त बाहेरचं दार सापडत नव्हतं. चौथ्यांदा चाल आली तेव्हा लोकांनी मांडीवरचे कागद उचलले. मी ते पाहिलं. एकेक डोकं खाली गेलं, वाचून वर आलं, आणि माझ्याकडे वळलं. माझ्यापासून पियानो आठ पावलांवर होता. पुस्तक उघडून एक बोट ठेवायचं होतं. मी उठले नाही. मी मनात म्हणत होते, कळू दे सगळ्यांना.

पाचव्या वेळी वळणाजवळ येताना त्यांनी डावीकडे पाहिलं, जिथे माझी खुर्ची असायची. तिथे नुसती जमीन होती. त्यांनी मग हात थांबवले, ओळीच्या मध्येच. पेडल दाबलेलंच होतं. स्वर हॉलमध्ये राहिला, खूप वेळ. त्यांनी पाय उचलला, धप्प झालं, आणि पहिली टाळी ऑरलाने वाजवली.

चहाच्या वेळी माझ्याभोवती माणसं जमली. सगळी माझ्याशी बोलत होती. तुझं काम किती महत्त्वाचं ते आज कळलं, असं निदान चौघांनी म्हटलं, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझा हात हातात घेतला. मी हातातलं बिस्किट न खाता बशीत परत ठेवलं. भिंतीशी मिस हॅनली कोट घालून बसल्या होत्या, ऑरला गाडी आणायला गेली होती. त्यांनी मला बोटाने बोलावलं. मी जाऊन उभी राहिले.

"तुला दिसलं होतं ना?" त्यांनी विचारलं. "मी वाट चुकले ते."

"हो."

"कितव्या वेळी?"

"पहिल्याच."

त्यांनी मान हलवली, वर्गात बरोबर उत्तर आल्यावर हलवावी तशी. "म्हणजे तू तयार झालीस," त्या म्हणाल्या. मग कोटाच्या गुंड्या वरपासून खालपर्यंत लावल्या, एक चुकली, ती त्यांनी पुन्हा लावली. मी सॉरी म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, जरासा दाबला, आणि काढून घेतला. ऑरला दारात आली होती.

तीन आठवड्यांनी त्यांना नेलं. आई रजा घेऊन सामान बांधायला गेली, मी गेले नाही. आईने मला एकदाच विचारलं, आठ पावलं होती ना? कुणीतरी तिला सांगितलं असणार. मी हो म्हणाले. मी त्या नर्सिंग होमला दोन पत्रं लिहिली. दुसऱ्याला ऑरलाचं उत्तर आलं, सभ्य, की मावशी बरी आहे, कुणाला ओळखण्याचा तिला त्रास देऊ नये. मी आज ज्या बायकांसाठी लिहिते त्या अशाच जागी राबतात, आणि अशा एखाद्या खोलीत पियानो नसलेली म्हातारी बाई मांडीवर बोटं हलवताना दिसली की मी पत्रकं तशीच हातात धरून बाहेर येते आणि गाडीत बसून राहते.

कार्यक्रमानंतरच्या रविवारी आबांचा फोन आला. ते सकाळपासून वाट बघत असावेत. पहिलीच रिंग आणि लगेच प्रश्न.

"पटलं का लोकांना?"

"पटलं, आबा."

"सगळ्यांना?"

"एकूण एक माणसाला."

पलीकडे ते कुणाला तरी ओरडून सांगत होते, माझ्या पोरीचं पत्रक तिकडं गाजलं म्हणून. यंत्राचा आवाज येत होता, मग तोही कुणीतरी बंद केला, आणि दोघं-तिघं एकदम हसली. आबा पुन्हा फोनवर आले तेव्हा त्यांना धड बोलता येत नव्हतं. ते इतके खूश होते की मला पुढचं सांगता आलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही.